वर्गमुळाचे मूळ

गोव्यात जमिनीची गोष्ट निघाली की लहानथोर सारेच चौरस मीटरांत बोलू लागतात. अशा घरातील आठवीच्या एखाद्या विद्यार्थ्याला सहज विचारून पाहावे : 400 चौरस मीटरांचा भूखंड अगदी चौरस असेल, तर त्याची एक बाजू किती? कोणी 400 ला चाराने भागून 100 म्हणेल, कोणी निम्मे करून 200 सांगेल. 20 हे उत्तर चटकन देणारी मुले थोडीच निघतील. आणि नवल असे की, ‘400 चे वर्गमूळ काढा’ असा प्रश्न कागदावर घातला, तर तीच मुले पायऱ्या मांडून 20 हे उत्तर बिनचूक लिहितील. उत्तर येते, ते कशाचे उत्तर आहे, हे मात्र येत नाही. शाळांतील गणिताच्या अध्यापनाचे मोठे दुखणे आम्हांस या एका उदाहरणात दिसते.

वास्तविक ‘वर्गमूळ’ हा शब्दच बोलका आहे. वर्ग म्हणजे चौरस, आणि ज्या बाजूतून तो चौरस उभा राहिला ती बाजू त्याचे मूळ. प्राथमिक शिक्षण मराठीतून घेऊन पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या आमच्या बहुतेक मुलांच्या कानी हा शब्द पडतच नाही. त्यांच्यापुढे येते ते ‘स्क्वेअर रूट’. ‘रूट’ म्हणजेही मूळच. परंतु ते उलगडून सांगितले जात नाही, आणि मग त्या वाकड्या चिन्हाखाली आकडा दिसला की काहीतरी कृती करावयाची, एवढाच बोध उरतो. माध्यमाचा वाद येथे उकरून काढण्याचा आमचा हेतू नाही. कोणत्याही भाषेत शिकवा, पण मूळ दाखवून शिकवा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

भागाकाराच्या रीतीने वर्गमूळ काढताना उजवीकडून अंकांच्या जोड्या पाडतात, आणि पहिला अंक मिळाल्यावर त्याची दुप्पट करून पुढचा भाजक मांडतात. जोड्या का आणि दुप्पट का, हा प्रश्न मुलांच्या मनात येतो. पण तो बहुधा मनातच विरतो. त्याचे उत्तर घरच्या अंगणात आहे. 529 सारख्या चौरस लाद्या घेऊन चौरस अंगण घालावयाचे आहे असे समजा. 20 लाद्यांच्या 20 ओळींत 400 लाद्या बसल्या, 129 उरल्या. अंगण चौरसच ठेवून वाढवावयाचे, तर लगतच्या दोन बाजूंना सारख्या रुंदीच्या पट्ट्या जोडाव्या लागतील आणि दोन पट्ट्यांमध्ये रिकामा राहणारा कोपरा भरावा लागेल. पट्ट्या दोन, म्हणून विसाची दुप्पट 40. रुंदी 3 लाद्यांची घेतली, तर पट्ट्यांना 120 आणि कोपऱ्याला 9, मिळून नेमक्या 129 लाद्या लागतात. अंगणाची बाजू 23 झाली. जोड्यांचे रहस्यही असेच साधे आहे : बाजू दहापट झाली की क्षेत्र शंभरपट होते, म्हणून मुळातील एकेका अंकासाठी वर्गात दोन-दोन घरे राखावी लागतात.

आर्यभटाने इ. स. 499 च्या सुमारास ‘आर्यभटीया’त वर्गमुळाची जी रीत सूत्ररूपाने सांगितली, तिच्यातही मुळाच्या दुपटीनेच भागावयाचे असते. सभासंमेलनांत आपण या वारशाचा अभिमान मिरवितो आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु त्या दुपटीचे कारण आपल्या घरातील मुलाला सांगता येत नसेल, तर तो अभिमान पोकळच म्हणावा लागेल. पूर्वजांचे ऋण जयजयकाराने फिटत नाही. त्यांनी जे समजून घेतले ते आपणही समजून घेण्याने फिटते.

न समजता केलेल्या घोकंपट्टीचे फळ पुढे दिसते. 9 आणि 16 यांच्या बेरजेचे वर्गमूळ विचारले की 3 आणि 4 मिळवून 7 लिहिणारी मुले शिक्षकांच्या चांगल्या परिचयाची आहेत. उत्तर 5 आहे. घराचा पाया आखणारा गवंडी 3, 4 आणि 5 ही मापे धरून काटकोन साधतो. त्याने पाचाच्या जागी सात धरले, तर 3 आणि 4 या बाजू एका सरळ रेषेत पडतील आणि घराला कोपराच उरणार नाही. गवंड्याच्या हाताला जे ठाऊक आहे, ते वहीत का उतरू नये?

मोबाइलवर बोट ठेवताच वर्गमूळ मिळते, मग ही यातायात कशाला, असे कोणी विचारील. यंत्र उत्तर देते हे खरे. पण ते उत्तर संभवनीय आहे की बोट चुकून भलत्याच आकड्यावर पडले, हे माणसानेच ओळखावयाचे असते. 200 चे वर्गमूळ 14 आणि 15 यांच्यामध्ये, पण 14 च्या जवळ आहे, हे ज्याला 196 आणि 225 हे वर्ग आठवतात त्याला तत्काळ दिसते. मग 200 ला 14 ने भागावे; सुमारे 14.29 येतात. 14 आणि 14.29 यांचा मध्य काढला की 14.14 च्या आसपास आपण येतो, आणि खरे मूल्यही तेथेच आहे. अंदाज, पडताळा आणि सुधारणा ही विचाराची शिस्त यातून अंगी बाणते. याच कारणास्तव आम्ही पाठांतराचे शत्रू नाही. 25 पर्यंतचे वर्ग मुलांना मुखोद्गत असावेतच. मात्र पाठांतराने समजुतीची सोबत करावी, तिची जागा घेऊ नये.

शिक्षकांची अडचण आम्ही जाणतो. तास लहान, वर्ग भरलेले आणि अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई. तथापि दोन तास शाळेच्या पटांगणात खडू आणि दोरी घेऊन घालविले, तर पुढचे दहा तास वाचतील असे आम्हांस वाटते. परीक्षकांनीही एखादा प्रश्न असा घालावा की ज्यात आकडेमोड नसेल, केवळ कारण विचारले असेल. जे परीक्षेत येते तेच वर्गात शिकविले जाते, हा अनुभव काही नवा नाही. आणि पालकांनी शिकवणीचे शुल्क भरून निश्चिंत होण्याऐवजी, ‘किती गुण मिळाले’ याच्याबरोबर ‘ते कसे कळले’ हेही मुलाला विचारावे.

‘मला गणित येत नाही’ असे वयाच्या तेराव्या वर्षी ठरवून बसणारे मूल अनेकदा बुद्धीने कमी नसते. त्याच्या ‘का’ला वेळीच उत्तर मिळालेले नसते. झाडाचे मूळ मातीआड असते, पण झाड उभे राहते ते त्याच्याच बळावर. आमच्या मुलांना फांद्या मोजावयास शिकविण्यापूर्वी ते मूळ एकदा उकरून दाखविण्याची तसदी आपण वडीलधाऱ्यांनी घेतलीच पाहिजे.