जुनं स्टेडियम, नवा भागीदार

शारजाचं क्रिकेट स्टेडियम तुम्ही टीव्हीवर तरी पाहिलं असेलच. अमिरातीत राहत असाल, तर कदाचित त्याच्या शेजारून गाडीने गेलाही असाल. इंडस्ट्रियल एरिया, दोन्ही बाजूंना गॅरेजं, टायरची आणि स्पेअर पार्टची दुकानं, आणि त्या सगळ्या गर्दीत हे मैदान. दुबईच्या स्टेडियमसारखं ते झगमगीत नाही. तिथे छताच्या कडेने दिव्यांचं गोल कडं आहे, इथे आपले साधे उंच खांब. पण जगात सर्वांत जास्त एकदिवसीय सामने झाले ते मैदान लॉर्ड्स नाही, मेलबर्न नाही, आपलं वानखेडे तर नाहीच. ते हेच. २४० हून अधिक सामने!

आता या मैदानाने चाळिशी ओलांडली आहे. २०२०च्या आयपीएलआधी स्टँडवर नवं छप्पर आलं, पाहुण्यांच्या खोल्या सुधारल्या. पण डागडुजी वेगळी आणि नव्याने उभारणी वेगळी. म्हणून आज एका प्रश्नावर मला माझं मत मांडायचं आहे. अशा जुन्या स्टेडियमला नवं रूप द्यायची वेळ आली, तर ते काम सरकारने एकट्याने करावं, की खासगी कंपनीला भागीदार करून घ्यावं? माझं मत तुम्हाला पटलंच पाहिजे असं काही नाही. वाचताना कुठे अडलात, तर तिथे पेन्सिलने खूण करा.

आधी शब्द समजून घेऊ. ‘सार्वजनिक-खासगी भागीदारी’ हा शब्द बातम्यांत सारखा येतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक त्याला ‘पीपीपी’ म्हणतात. अर्थ अगदी सोपा आहे. जागा किंवा परवानगी सरकारची, पैसा आणि कामाची जबाबदारी कंपनीची. कंपनी बांधते, पंचवीस-तीस वर्षं चालवते, त्यातून आपला खर्च आणि नफा काढते आणि मुदत संपली की सगळं सरकारला परत देते. यासाठी दुबईने २०१५ मध्ये कायदा केला, अबू धाबीने २०१९ मध्ये, आणि २०२३ मध्ये संपूर्ण देशाच्या केंद्र सरकारसाठीही तसा कायदा आला. म्हणजे अमिरातीत ही वाट आता चांगली मळलेली आहे.

शारजालाही ती नवी नाही. तिथला कचरा उचलणारी ‘बीआ’ ही संस्था २००७ मध्ये अशाच भागीदारीतून उभी राहिली. पुढे कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प ‘बीआ’ने ‘मसदर’ कंपनीबरोबर उभारला, तो २०२२ मध्ये सुरू झाला. चांगलं काम आहे. मग हेच सूत्र स्टेडियमला लावलं तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते इथे. कचरा रोज येतो. सणवार असो, उन्हाळा असो, घरोघरचा डबा रात्री भरलेलाच असतो. त्यामुळे कचऱ्यात पैसा घालणाऱ्याला उद्याची कमाई आजच मोजता येते. क्रिकेटचे सामने तसे येत नाहीत. वर्षातले मोजके दिवस स्टेडियम भरतं आणि उरलेले दिवस माळी, पाण्याचे फवारे आणि कबुतरं. उन्हाळ्यात तर विचारूच नका, दुपारी ४५ अंशांत कोण बसणार बाकावर?

शारजाने हे स्वतः अनुभवलेलं आहे. हे मैदान उभं राहिलं तेच एका व्यापाऱ्याच्या हौसेतून. अब्दुल रहमान बुखातिर हे शारजाचे उद्योगपती. कराचीत शिकायला असताना त्यांना क्रिकेटचं वेड लागलं. १९८१ मध्ये त्यांनी सुनील गावसकर आणि जावेद मियाँदाद यांच्या संघांचा सामना शारजात भरवला. जुन्या खेळाडूंना मदतनिधी देणं हा त्यामागचा हेतू. १९८४ मध्ये इथेच पहिला आशिया कप झाला आणि गावसकरांच्या संघाने तो जिंकला. पुढची पंधरा-सोळा वर्षं शारजा म्हणजे गर्दी, गोंगाट आणि भारत-पाकिस्तान. १९८६ मध्ये चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर मियाँदादने षटकार मारला. तो आठवला की अजूनही काही आजोबा मान हलवतात. आणि एप्रिल १९९८! वाळूचं वादळ आलं, खेळ थांबला, आणि मग सचिनने ऑस्ट्रेलियाविरुद्ध १४३ केल्या. तो सामना भारत हरला, पण अंतिम फेरीत पोचला. दोन दिवसांनी, स्वतःच्या पंचविसाव्या वाढदिवशी, त्याने १३४ करून कप जिंकून दिला. घरी बाबांना किंवा काकांना याबद्दल विचारून पाहा, पण तासभर मोकळा असेल तरच विचारा.

नंतर काय झालं, ते फारसं कुणी सांगत नाही. २००० साली क्रिकेटमधल्या सामनेनिश्चितीचं प्रकरण बाहेर आलं. त्यानंतर भारत सरकारने आपल्या संघाला शारजात खेळायला मनाई केली. ऑक्टोबर २००० मध्ये आपला संघ इथे श्रीलंकेविरुद्ध ५४ धावांत आटोपला होता. त्यानंतर भारताचा पुरुष संघ शारजात आंतरराष्ट्रीय सामना खेळलेलाच नाही. २००३ नंतर तर जवळजवळ सात वर्षं इथे एकही आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला नाही. २०१० मध्ये अफगाणिस्तानच्या संघाने या मैदानाला आपलं दुसरं घर मानलं आणि मैदान पुन्हा जागं झालं. तोवर अबू धाबीत २००४ मध्ये आणि दुबईत २००९ मध्ये नवी स्टेडियमं उभी राहिली होती.

आता विचार करा. समजा २००० साली एखाद्या कंपनीने मोठं कर्ज काढून हे स्टेडियम नव्याने बांधलं असतं आणि ‘भारत-पाकिस्तान सामने होणारच’ या हिशोबावर करार केला असता. सात वर्षं हप्ते कुणी भरले असते? कंपनी म्हणाली असती, ‘आमची काय चूक? सामने बंद झाले ते राजकारणामुळे.’ सरकार म्हणालं असतं, ‘नफा तुमचा, तर तोटाही तुमचा.’ भागीदारीच्या कराराची खरी परीक्षा अशा वाईट दिवसांतच होते. माझ्या मते करारातलं पहिलं पान याच प्रश्नाचं असावं: सामने आले नाहीत तर भार कोण उचलणार? फायदा खासगी आणि तोटा सरकारी, अशी वाटणी असेल तर तिला भागीदारी म्हणू नये. आपल्याकडे त्याला ‘आयजीच्या जिवावर बायजी उदार’ म्हणतात.

सिंगापूरची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. तिथे जुनं राष्ट्रीय स्टेडियम पाडून ‘स्पोर्ट्स हब’ बांधलं, तेही याच पद्धतीने. खर्च सुमारे १३३ कोटी सिंगापूर डॉलर. २०१० मध्ये २५ वर्षांचा करार झाला. कंपन्यांच्या गटाने बांधायचं, चालवायचं, सांभाळायचं, आणि सरकारने दरवर्षी ठरलेली रक्कम द्यायची. २०१४ मध्ये स्टेडियम उघडलं. छत सरकणारं, इमारत देखणी. पण सुरुवातीलाच मैदानाच्या गवतावरून बोलणी बसली. राष्ट्रीय दिनाच्या संचलनासाठी किती दिवस जागा द्यायची आणि किती पैसे घ्यायचे, यावरूनही सरकार आणि कंपनी यांच्यात ओढाताण झाली. देशाचा वाढदिवस देशाच्याच स्टेडियममध्ये साजरा करायचा आणि भाड्याची घासाघीस करायची! शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये, मुदत संपायच्या कितीतरी आधी, सरकारने सगळा कारभार परत आपल्याकडे घेतला. कारण देताना सरकारने म्हटलं की ही जागा सर्वसामान्यांना आणि शाळांना जास्त वापरता यावी.

बघा, सिंगापूरसारखं शिस्तीचं सरकार, तरी ही वेळ आली. कारण कंपनी वाईट होती असं मला वाटत नाही. कंपनीचं काम नफा कमावणं. मोठ्या गायिकेचा कार्यक्रम आणि शाळेच्या क्रीडास्पर्धा, यांत ती कशाला आधी तारीख देणार? करारात शाळेची तारीख लिहून ठेवली नसेल, तर उत्तर ठरलेलंच आहे.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, ‘मग खासगी कंपनी नकोच. क्रिकेट संघटनेने स्वतः बांधावं.’ ठीक आहे, मुंबईला जाऊ. वानखेडे स्टेडियम जन्मालाच आलं ते तिकिटांच्या भांडणातून. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. सामन्यांची किती तिकिटं मुंबई क्रिकेट असोसिएशनला मिळावीत यावरून दोघांचं वाजलं. तेव्हा असोसिएशनचे अध्यक्ष असलेल्या शेषराव वानखेड्यांनी जेमतेम एक किलोमीटरवर दुसरं स्टेडियमच बांधून घेतलं. जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. पुढे २०११च्या विश्वचषकासाठी वानखेडेचं रूप पालटलं. खुर्च्या ऐसपैस झाल्या, छप्पर सुंदर झालं, आणि प्रेक्षकांची जागा मात्र सुमारे ४५ हजारांवरून ३३ हजारांवर आली. त्या वर्षी २ एप्रिलला अंतिम सामना झाला. क्लब, आयसीसी, इतर मानकरी अशा सगळ्यांचे वाटे काढल्यावर सामान्य लोकांना विकायला किती तिकिटं उरली होती, माहीत आहे? सुमारे ४ हजार. तिकिटांवरून भांडून बांधलेल्या स्टेडियमची ही गत!

म्हणून मला ‘सरकारी की खासगी’ हा वाद अर्धवट वाटतो. मालक कुणीही असो, स्वस्त खुर्च्या सर्वांत आधी नाहीशा होतात. नवं बांधकाम म्हणजे वातानुकूलित बॉक्स, बॉक्स म्हणजे पैसा, आणि बॉक्सला जागा हवी म्हणजे बाकडी कमी. हे कुणी दुष्टपणाने करत नाही, हिशोबच तसा असतो.

शारजात हा प्रश्न जास्त टोचतो. तिथली गर्दी कुणाची होती आणि आहे? टॅक्सी चालवणारे, बांधकामावर काम करणारे, गॅरेजात राबणारे, दुकानात उभे राहणारे. केरळचे, पंजाबचे, पेशावरचे, काबूलचे, ढाक्याचे, आणि आपल्या रत्नागिरी-चिपळूणचेही. सुट्टीच्या दिवशी पहाटे मोकळ्या वाळूच्या मैदानात चेंडूला टेप गुंडाळून हेच लोक खेळताना दिसतात. स्टेडियम त्यांच्या राहत्या भागात आहे. पाडून नवं बांधलं आणि तिकीट त्यांच्या दिवसभराच्या मजुरीपलीकडे गेलं, तर ते बाहेरच्या रस्त्यावरून दिवे बघतील. हा खेळ शारजात जगवला तो त्यांनी. सात वर्षांच्या दुष्काळानंतर अफगाणिस्तानचे सामने बघायला आले तेही बहुतेक हेच.

‘त्यापेक्षा शहराबाहेर मोठं नवं बांधा,’ असाही एक सल्ला असतो. पुण्यात तसं झालं. स्वारगेटजवळचं नेहरू स्टेडियम महापालिकेचं. १९९६च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडीजला हरवलं ते तिथेच. सामने तिथून हलले आणि २०१२ मध्ये गहुंज्याला, द्रुतगती मार्गाजवळ, नवं स्टेडियम उघडलं. मैदान छान आहे, सुरुवातीला त्याला एका उद्योगसमूहाच्या प्रमुखांचं नावही दिलं होतं. करारातले पैसे न मिळाल्याचं सांगून असोसिएशनने ते नाव नंतर उतरवलं. पण स्वारगेटला बसमधून उतरून माणूस चालत स्टेडियमला जायचा. गहुंज्याला स्वतःची गाडी नसलेल्याने कसं जायचं आणि रात्री सामना संपल्यावर कसं परतायचं? जागा बदलली की प्रेक्षकही बदलतो.

तर माझं मत असं. शारजाचं स्टेडियम आहे तिथेच राहावं आणि वेळ येईल तेव्हा खासगी भागीदार जरूर घ्यावा. सरकारी पैसा शाळा-दवाखान्यांना आधी लागतो, हे मला मान्य आहे. पण करारात आकडे लिहावेत, ‘प्रयत्न करू’ असलं पुळचट वाक्य नको. एकूण खुर्च्यांपैकी एक तृतीयांश खुर्च्या स्वस्त असाव्यात आणि त्यांचा दर सरकारच्या संमतीशिवाय वाढू नये. सामने नसलेल्या दिवसांतल्या निदान काही संध्याकाळी मैदान शाळांना आणि कामगारांच्या संघांना मिळावं, आणि त्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर व्हाव्यात. करार सगळ्यांना वाचता यावा. कंपनीला नफा हवा तर तिने बाजूला दुकानं काढावीत, हॉटेल काढावं, व्यायामशाळा चालवावी, बॉक्स हव्या त्या किमतीला विकावेत. माझी काही हरकत नाही.

कंपनीचा माणूस यावर म्हणेल की एवढ्या अटी घातल्या तर कुणी पुढेच येणार नाही. येईलही कदाचित, नाहीही येणार. कुणीच आलं नाही, तर आहे त्या स्टेडियमची डागडुजी करत राहणं हा काही कमीपणा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये महिलांच्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचे सामने या जुन्या मैदानावर झालेच की. भारताच्या मुली तिथे ऑस्ट्रेलियाशी खेळल्या.

२०२३ मध्ये, सचिनच्या पन्नासाव्या वाढदिवशी, तिथल्या पश्चिमेकडच्या स्टँडला त्याचं नाव दिलं गेलं. पुढच्या वेळी तिकीट काढाल तेव्हा त्या स्टँडमध्ये सगळ्यांत स्वस्त खुर्ची कितीला आहे ते बघा, आणि तुमच्या इमारतीच्या वॉचमनकाकांना ती परवडेल का, हे त्यांनाच विचारा.