परत धांवणारा गडी

पिंपरीच्या नेहरूनगरांतील मेजर ध्यानचंद मैदानावर मध्यंतरीं आम्ही कुमारांच्या हॉकीचा सराव पाहत होतों. शिक्षक ‘बुली’ घोटवून घेत होते. १९८१ पर्यंत सामन्याचा आरंभच बुलीनें होई; आतां कोणाचाहि दोष नसतांना खेळ थांबला, तरच ती लागते. दोन गडी समोरासमोर. काठीला काठी चेंडूवर एकदां टेकली, कीं झटापट सुरू! मधल्या जागेवरचा एक किरकोळ बांध्याचा मुलगा दोनदां हरला. तिसऱ्या खेपेस त्यानें घाई सोडली, गुडघे वाकविले आणि चेंडू अलगद मागें आपल्या गड्याकडे ओढला.

पुढें खेळांत त्याच्याच चुकीनें चेंडू गेला. कपाळाला हात न लावतां तो तसाच मागें धांवला आणि आपल्या गोलाच्या तोंडाशीं त्यानें चेंडू अडविला. टाळी कोणींच वाजविली नाहीं. बाहेर येतांच वडिलांनीं विचारलें, “आज गोल किती केलेस?” मुलाचा चेहरा उतरला.

दहा माणसांचें घर कोणाच्या धांवपळीवर उभें असतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. मुलगा घरीं आला म्हणजे, चेंडू गेल्यावर कितीदां परत धांवलास, एवढें आधीं विचारावें.