कोळशाच्या गावात नळाचा गॅस

'गॅस' या एका शब्दाने आपल्या घरांत फार मोठा गोंधळ करून ठेवला आहे. सिलिंडर संपला की 'गॅस संपला', शेगडी बंद करायची तर 'गॅस बंद कर', आणि जेवण जरा जड झाले तर तोही गॅसच. त्यामुळे नागपुरात नळाने गॅस येणार, असे कोणी सांगितले की अनेक घरांतून पहिला प्रश्न येतो, 'येणार म्हणजे? आमच्याकडे आहे की!'

आहे तो एलपीजी. प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण दाबाखाली द्रव करून टाकीत भरलेले. यायचा आहे तो नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन, जमिनीच्या किंवा समुद्राच्या पोटातून थेट निघणारा. पहिला हवेपेक्षा जड. गळला की फरशीलगत साचतो. दुसरा हलका, गळला तर वर निघून जातो. पहिला टाकीत मुकाट्याने बसतो. दुसऱ्याला दूरवर न्यायचे तर नळच हवा, नाहीतर उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून त्याचा द्रव करावा लागतो. तसे केले की त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी आक्रसते आणि मग तो जहाजात किंवा ट्रकमध्ये भरता येतो.

हा फरक रसायनशास्त्राच्या तासापुरता असता तर रविवारच्या सकाळी वाचकांना त्याचा त्रास दिला नसता. पण नळ की जहाज, या एका प्रश्नावर आपल्या स्वयंपाकघराचे, रिक्षाभाड्याचे आणि हॉटेलातल्या ताटाचे हिशेब उद्या ठरणार आहेत. म्हणून ही गोष्ट मुळापासून समजून घेतली पाहिजे.

समुद्रात वायू, घरात धूर

१९७४ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत मुंबईपासून दूर समुद्रात 'बॉम्बे हाय'चे तेल सापडले आणि त्याच वर्षी नागपूरच्या वेशीवर कोराडीचा पहिला वीजसंच सुरू झाला. एकाच राज्याच्या दोन टोकांना इंधनाच्या दोन वाटा एकाच वर्षी फुटल्या. पश्चिमेच्या वाट्याला तेल आणि वायू आला, आपल्या वाट्याला कोळसा. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय नागपुरात आले. उमरेड, सावनेर, कामठी, वणी, चंद्रपूर अशा खाणींच्या भरवशावर कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूरची वीजकेंद्रे वाढत गेली.

कोळसा इतका जवळचा होता की तो स्वयंपाकघरातही शिरला. महाल, इतवारी, गड्डीगोदाम या भागांत संध्याकाळी सिगड्या पेटल्या की गल्लीतला माणूस ओळखू येत नसे. घरातल्या बायका सिगडी अंगणात पेटवत आणि धूर निवला की आत आणत. आमच्याही घरी तसेच होते. टाकीच्या गॅससाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची, खासदारांच्या कोट्यातून काही जमते का ते विचारत फिरायचे आणि अखेर नंबर लागला की पेढे वाटायचे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. कोलकात्यात इंडेनची पहिली जोडणी १९६५ साली दिली गेली. पण सामान्य नोकरदाराच्या घरी निळी ज्योत पोचायला त्यानंतर फार काळ जावा लागला.

आणि त्याच काळात बॉम्बे हायवर काय चालले होते? तेलाबरोबर निघणारा बराचसा वायू समुद्रावरच जाळून टाकला जात होता. तो किनाऱ्यावर आणायला आणि वापरायला पुरेशी सोयच नव्हती. इथे बाई सिगडीच्या धुरात डोळे पुसत होती आणि तिथे तिच्या राज्यासमोरच्या समुद्रात इंधनाच्या मशाली रात्रंदिवस पेटत होत्या. यात कोणाचा कट नव्हता. साधा नियम आहे : वायू सापडणे वेगळे आणि वायू पोचणे वेगळे. मध्ये नळ लागतो. नळ टाकायला पैसा लागतो, आणि पैसा घालणारा आधी मोठे गिऱ्हाईक शोधतो.

ते गिऱ्हाईक खतकारखान्यांच्या रूपाने मिळाले. १९८४ मध्ये 'गेल'ची स्थापना झाली आणि हजिरा-विजयपूर-जगदीशपूर ही देशातली पहिली मोठी वायुवाहिनी गुजरातेतून मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशाकडे गेली. तिच्या काठाने युरियाचे कारखाने उभे राहिले. देशाला धान्य हवे होते आणि धान्याला खत. त्याबद्दल तक्रार करणे कोतेपणाचे होईल. महाराष्ट्रात उरण, थळ, तुर्भे अशी किनाऱ्याजवळची ठिकाणे वायूवर चालू लागली. विदर्भ मात्र नकाशाच्या बाहेर राहिला. कोळशाच्या गावाला वायू कशाला, असा हिशेब कोणी उघडपणे मांडला नसेल, पण झाले तसेच.

ट्रकवरून आलेला गॅस

मुंबईत १९९५ मध्ये महानगर गॅस स्थापन झाली. दिल्लीत १९९८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बसगाड्या सीएनजीवर आल्या आणि राजधानीच्या हवेचा काळा पदर थोडा विरळ झाला. नागपूरचा नंबर लागायला आणखी दोन दशके गेली, आणि लागला तोही नळाविना. गुजरातच्या किनाऱ्यावरून द्रवरूप वायू ट्रकने आणायचा, इथे पुन्हा त्याचा वायू करायचा आणि गाड्यांत भरायचा, अशी व्यवस्था झाली. शहराच्या काही बसगाड्या सीएनजीवर आल्या. जुलै २०२१ मध्ये कामठी रस्त्याच्या बाजूला द्रवरूप वायूचे एक खासगी केंद्रही मोठ्या समारंभाने सुरू झाले. पेट्रोलला स्वस्त पर्याय आला म्हणून अनेक रिक्षावाल्यांनी आणि छोट्या गाडीवाल्यांनी कर्ज काढून किट बसवून घेतली.

मग २०२२ उजाडले. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युरोपने रशियन वायूला पर्याय म्हणून जगभरातली द्रववायूची जहाजे मिळेल त्या भावाने उचलायला सुरुवात केली. ज्या मापाला २०२० मध्ये आशियाच्या बाजारात दोन डॉलर मोजावे लागत होते, त्याच मापाचा भाव २०२२ मध्ये सत्तर डॉलरच्याही वर जाऊन आला. मार्च २०२२ मध्ये नागपुरात सीएनजी किलोला १२० रुपये झाला. पेट्रोलपेक्षा महाग! देशात इतका भाव क्वचितच कुठे असेल. ज्या रिक्षावाल्याच्या गाडीतून मी त्या दिवसांत सीताबर्डीला जात असे, त्याने एका वाक्यात सगळे अर्थशास्त्र सांगितले, "काकाजी, किट बसवायले पैसे गेले, आता गॅस भरायले परवडत नाही. युद्ध तिकडे अन् हप्ता माह्या डोक्यावर."

राज्य सरकारने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरचा मूल्यवर्धित कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, तेव्हा थोडा दिलासा मिळाला. पण नागपूरकर त्यातून जे शिकले ते कराच्या पलीकडचे आहे. ज्या गावाला नळ नाही, त्याला गॅसबरोबर ट्रकचे भाडे आणि जगाचे युद्धही विकत घ्यावे लागते.

आपले तरी बरे, असे म्हणायची वेळ शेजाऱ्यांनी आणली. त्याच २०२२ च्या जुलैत बांगलादेशाने महाग झालेल्या वायूची खुल्या बाजारातली खरेदी थांबवली आणि लोकांवर भारनियमन लादले. पाकिस्तानने जहाजांसाठी निविदा काढली, तर एकही विक्रेता पुढे आला नाही. गरीब देशांनी वायूवर वीजकेंद्रे उभी केली आणि श्रीमंत देशांनी वायू उचलून नेला.

ताटे वाढली, वाढप तेवढेच

आता नळ येतो आहे. मुंबई-नागपूर-झारसुगुडा ही गेलची सुमारे सतराशे किलोमीटरची वाहिनी नागपूरपर्यंत बरीचशी समृद्धी महामार्गाच्या कडेने आखलेली आहे. ज्या रस्त्याने आपण मुंबईला जातो, त्याच्या काठाने वायू आपल्याकडे येणार. हे चांगले आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ट्रकचे भाडे वाचेल, पुरवठा अखंड राहील, तिसऱ्या मजल्यावर टाकी चढवणाऱ्या माणसाच्या पाठीलाही आराम मिळेल.

प्रश्न त्या नळात काय येणार, हा आहे. देशाच्या एकूण ऊर्जेत नैसर्गिक वायूचा वाटा २०३० पर्यंत पंधरा टक्क्यांवर न्यायचा, असे केंद्र सरकारचे उद्दिष्ट आहे. गेली अनेक वर्षे हा वाटा सहा-सात टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो आहे. जो वायू आपण वापरतो त्यातला जवळजवळ निम्मा परदेशातून येतो, आणि त्यातला मोठा भाग कतारहून, होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून. जुन्या देशी विहिरींचा स्वस्त वायू घरगुती नळाला आणि सीएनजीला आधी द्यायचा, असे धोरण २०१४ पासून आहे. एप्रिल २०२३ मध्ये त्या वायूला साडेसहा डॉलरची कमाल मर्यादाही घातली गेली. पण विहिरी जुन्या होत चालल्या आहेत आणि गिऱ्हाइके मात्र दर वर्षी वाढत आहेत. २०२४ च्या अखेरीस शहरांच्या वाट्याला येणाऱ्या या स्वस्त वायूत कपात झालीच. पंगतीत ताटे वाढली आणि वाढप तेवढेच राहिले, तर शेवटच्या पंगतीला काय मिळणार? नागपूर या पंगतीत शेवटी बसले आहे.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. दाभोळचा प्रकल्प परदेशी वायूच्या भरवशावर उभा राहिला. १९९९ मध्ये त्याचा पहिला टप्पा सुरू झाला तो नाफ्थ्यावर, वीज न परवडण्याइतकी महाग झाली, २००१ मध्ये केंद्र बंद पडले आणि त्याच वर्षी एन्रॉनचे दिवाळे वाजले. पुढे देशी वायूची आशा कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्याने दाखवली. २००९ मध्ये तिथले उत्पादन सुरू झाले, २०१० मध्ये दिवसाला सहा कोटी घनमीटरच्या पुढे गेले, आणि २०१३ पर्यंत पाव हिश्शाच्याही खाली आले. त्या वायूच्या भरवशावर देशभर बांधलेली वीजकेंद्रे रिकामी बसून राहिली. दोन्ही वेळा चूक एकच झाली : वायूचा भाव आणि पुरवठा नक्की होण्याआधी त्याच्यावर इमारत चढवली.

राखेचे काय?

एक भाबडी समजूतही इथेच दूर केली पाहिजे. वायू आला की कोराडीचा धूर जाईल, असे अनेकांना वाटते. जाणार नाही. वीज करताना वायू जाळला तर कोळशाच्या निम्म्याच्या आसपास कार्बन हवेत जातो आणि राख तर उरतच नाही, हे खरे. पण खाण हाकेच्या अंतरावर असताना वीजकंपनी जहाजाचा वायू विकत घेणार नाही. मे २०२३ मध्ये कोराडीला ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच बसवण्यासाठी जनसुनावणी झाली, तीही कोळशाच्याच संचांसाठी. त्याआधी दहा महिने, जुलै २०२२ मध्ये, खसाळ्याच्या राखबंधाऱ्याला भगदाड पडून राख शेतांत आणि कन्हान नदीपर्यंत गेली होती. वायूचा नळ या राखेचे उत्तर नाही. ते उत्तर आपल्याला वेगळे मागावे लागेल, आणि गॅस दिला ना, आता गप्प बसा, असे कोणी म्हटले तर ऐकून घेऊ नये.

मग नळाच्या वायूकडून मागायचे काय? माझ्या मते तीन गोष्टी. पहिली, क्रम. वायू थोडा आणि महाग असेल तर तो आधी तिथे जावा जिथे तो धूर थेट माणसाच्या नाकातून काढून घेईल : गल्लीबोळांतल्या रिक्षा आणि बसगाड्या, हलवायांच्या आणि सावजी भोजनालयांच्या भट्ट्या, डिझेल आणि फर्नेस ऑइल जाळणारे बुटीबोरी-हिंगण्याचे छोटे कारखाने. घरात सिलिंडर असलेल्या कुटुंबाने चार महिने उशिरा नळ घेतला तर आकाश कोसळत नाही.

दुसरी, हिशेब. गॅसच्या प्रत्येक बिलावर देशी वायू किती आणि आयात किती, हे छापलेले असावे. दर वाढला तर का वाढला, हे ग्राहकाला कळले पाहिजे. कर्ज काढून किट बसवणाऱ्या माणसाला हा धोका आधी सांगणे, ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट, आपला स्वतःचा वायू. शेण, ओला कचरा, पऱ्हाटी आणि धानाचा पेंढा यांच्यापासून मिळणारा वायू शुद्ध केला की तोही मिथेनच. त्याच नळात, त्याच गाडीत चालतो. केंद्राची यासाठीची योजना ऑक्टोबर २०१८ पासून आहे. नागपूरला हे अशक्य नाही. भांडेवाडीत शुद्ध केलेले शहराचे सांडपाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना पुरवण्याचे काम याच शहराने करून दाखवले आणि तेवढे धरणाचे पाणी वाचवले. त्याच भांडेवाडीत कचऱ्याचे डोंगर आहेत. त्यांतून मिथेन फुकट हवेत जातो, आणि हवेत गेलेला मिथेन पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट वरचढ आहे. उन्हाळ्यात ते ढीग पेटतात तेव्हा पूर्व नागपूर खोकते. हा वायू थोडा असेल, पण त्याच्यासाठी होर्मुझकडे पाहावे लागत नाही आणि कोणा दुसऱ्याच्या युद्धाने त्याचा भाव चढत नाही.

समुद्रावर वायू जळत होता तेव्हा आपल्या हातात नळ नव्हता. आज नळ येतो आहे. तो भरायचा कशाने, हे दिल्लीने आणि दोह्याने ठरवण्याआधी नागपूरने आपला वाटा सांगायला हवा. महापालिकेच्या सभागृहात, आमदारांच्या दारात आणि ग्राहक पंचायतीच्या बैठकीत हा विषय आताच निघाला पाहिजे. पहिले बिल हातात पडल्यावर नव्हे.