चेहरा धुवा, तासभर थांबा

मुंबईच्या दमट हवेत कपाळ चकाकलं, की माणूस स्वतःला ‘तेलकट त्वचेचा’ ठरवून मोकळा होतो. मग चार-चारदा साबण, वर लिंबाचा रस. त्वचेचा सामू साधारण ५, लिंबाचा २च्या आसपास; आग होणारच.

खरी परीक्षा फुकटची आहे. सौम्य फेसवॉशने चेहरा धुवून, काहीही न लावता तासभर थांबावं. सगळीकडे चमक आली तर तेलकट, ओढल्यासारखं वाटलं तर कोरडी, फक्त कपाळ-नाक चमकलं तर मिश्र. तेलकट त्वचेलाही मॉइश्चरायझर लागतं, हे मात्र अनेकांना पटत नाही.

संताप येतो तो पुढच्या प्रकाराचा. क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असलेली ट्यूब ‘गोरेपणासाठी’ महिनोन्‌महिने चोळली जाते. सुरुवातीला चेहरा उजळतो. नंतर त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ उठतं आणि ट्यूब थांबवली की चेहरा लालबुंद होतो.

२०१८ साली सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं अनुसूची ‘एच’मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. पण चिठ्ठी मागणारा दुकानदार शोधावाच लागतो! सवय लागलेल्यांनी ट्यूब एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली सोडावी.