पायाच्या तळव्यावरील काळा डाग

वसईस केळीच्या वाडींत आयुष्य घालविलेल्या आजोबांच्या तळव्यांकडे घरांत कोण पाहतो? भोवरी किंवा जुन्या कांट्याची खूण म्हणून सोडून दिलेला काळा डाग क्वचित् ‘मेलॅनोमा’ नामक कर्करोगाचा असतो. आपल्या लोकांत हा रोग विरळा. पण होतो तेव्हां पुष्कळदां तळव्यावर किंवा नखाखालीं होतो.

तेथून तो बहुधा प्रथम जांघेंतील रसग्रंथींत शिरतो. पूर्वीं त्या सर्व ग्रंथि कापून काढीत, आणि कित्येकांचा पाय जन्माचा सुजे. १९९२ सालीं अमेरिकन शल्यवैद्य डोनाल्ड मॉर्टन ह्यांनीं, डागापाशीं निळा रंग टोंचून, तो जिच्यांत प्रथम पोंचतो तेवढीच ग्रंथि काढून तपासण्याची रीत प्रसिद्ध केली. वेशींतून चोर आंत आलाच नाहीं, तर गांवाची झडती कशाला?

२०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगानें तर असें दाखविलें कीं, त्या ग्रंथींत रोग सांपडला तरी उरलेल्या सर्व काढून आयुष्य वाढत नाहीं; सूज मात्र शेंकडा ६ ऐवजीं २४ जणांस आली. म्हणून ह्या परीक्षेचें पुढील कार्य अधिक कापण्याची नांदी करणें नसून, रोगप्रतिकारशक्ति जागविणारीं नवीं औषधें कोणास द्यावींत व कोणावर नुसती नजर ठेवावी हें सांगणें होय, असें आम्हांस वाटतें.

१९४१ पासून कर्करोग्यांची सेवा करणारें परळचें टाटा रुग्णालय विरारहून फार दूर नाहीं. शस्त्राच्या धाकानें वडीलधाऱ्यांनीं डाग झांकूं नये. आणि ‘सर्व ग्रंथि कां काढावयाच्या?’ हें विचारण्यास घरच्यांनीं संकोचूं नये.