विश्लेषण : संगणकाचा ‘गाभा’ साध्या प्रोग्रामसारखा चालवता येतो का? त्यासाठीचे पर्याय कसे निवडतात?

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातील विंडोज संगणकांचे पडदे निळे पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली, विमाने रखडली, भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कारण होते क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल. कंपनीच्या सॉफ्टवेअरला २० नोंदींची अपेक्षा होती, प्रत्यक्षात एकविसावी वाचण्याचा प्रयत्न झाला. हीच चूक एखाद्या साध्या अॅपमध्ये झाली असती तर फक्त ते अॅप बंद पडले असते. ती ‘कर्नल’मध्ये झाल्याने अख्खी यंत्रे कोसळली. मग कर्नलमधील चूक लोकांच्या यंत्रांपर्यंत पोहोचण्याआधी कशी पकडायची? लिनक्सच्या जगात या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग आहे ‘यूजर मोड लिनक्स’ आणि तो तयार करताना निवडले जाणारे पर्याय.

कर्नल म्हणजे काय?

ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल. मेमरी कोणाला किती द्यायची, प्रोसेसर कोणी किती वेळ वापरायचा, फाइल कुठे लिहायची, नेटवर्कवर काय पाठवायचे, हे सगळे तोच ठरवतो. अँड्रॉइड फोनही लिनक्स कर्नलवरच चालतो. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये शोधल्यास त्याची आवृत्ती दिसते. कर्नलला यंत्रावर पूर्ण अधिकार असतात, तर बाकीचे प्रोग्राम ‘यूजर स्पेस’ या मर्यादित अधिकारांच्या कुंपणात राहतात. म्हणूनच अॅपची चूक अॅपपुरती राहते. कर्नलची चूक मात्र सगळ्यांना घेऊन बुडते.

यूजर मोड लिनक्स कसे चालते?

जेफ डाइक या अभियंत्याने १९९९ मध्ये हा प्रकल्प पुढे आणला. लिनक्स कर्नल खऱ्या यंत्रावर न चालवता दुसऱ्या लिनक्सच्या पोटात, एक साधा प्रोग्राम म्हणून चालवायचा, ही त्यामागची कल्पना. २००२ मध्ये तो मुख्य लिनक्समध्ये सामील झाला. एआरएम किंवा एक्स-८६ ही जशी प्रोसेसरची कुळे, तसेच ‘यूएम’ हे लिनक्ससाठी एक कूळ. फरक इतकाच की या कुळात खरे हार्डवेअर नाही. यजमान लिनक्सकडून मिळणाऱ्या सेवा हेच त्याचे हार्डवेअर.

या कर्नलची हार्ड डिस्क म्हणजे यजमान संगणकावरील एक फाइल. त्याची मेमरी म्हणजे यजमानाकडून मागून घेतलेला तुकडा. आत चालणारे प्रोग्राम कर्नलकडे काही मागतात, तेव्हा ती मागणी मध्येच अडवून या पाहुण्या कर्नलकडे वळवली जाते. हा कर्नल कोसळला तर यजमान यंत्राला धक्का लागत नाही. एक प्रोग्राम बंद पडतो, एवढेच. तो चालवायला प्रशासकाचे अधिकार लागत नाहीत. चूक शोधायला नेहमीचा डीबगरही वापरता येतो. नाटकाआधीची रंगीत तालीम म्हणावी, तसा हा प्रकार आहे.

सुरुवातीच्या काळात भाड्याने आभासी सर्व्हर देण्यासाठीही याचा वापर झाला. २००३ मध्ये सुरू झालेल्या लिनोड कंपनीने आधी हेच तंत्र वापरले आणि २००८ मध्ये झेनकडे मोर्चा वळवला. प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय आल्यावर वेगाच्या शर्यतीत यूजर मोड लिनक्स मागे पडले. चाचणीच्या कामात मात्र त्याला नवे महत्त्व आले.

पर्याय निवडायचे म्हणजे काय?

लिनक्सचा स्रोत प्रत्येकासाठी एकच असतो, पण त्यातून तयार होणारा कर्नल प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वेगळा असतो. टीव्हीला लागणारा कर्नल वेगळा, सर्व्हरला लागणारा वेगळा. त्यासाठी हजारो पर्यायांची यादी असते. बहुतेक पर्यायांना तीनपैकी एक उत्तर द्यावे लागते : ‘वाय’ म्हणजे कर्नलमध्येच हवे, ‘एम’ म्हणजे गरजेनुसार जोडता येणारे मॉड्यूल म्हणून हवे, ‘एन’ म्हणजे नको. ही निवड ‘डॉट कॉन्फिग’ नावाच्या फाइलमध्ये साठते आणि त्यानुसार कर्नल बांधला जातो.

यूजर मोड लिनक्ससाठी प्रत्येक आज्ञेसोबत ‘आर्च=यूएम’ लिहावे लागते. आधी ‘डीफकॉन्फिग’ने तयार संच घ्यायचा, मग ‘मेन्यूकॉन्फिग’ने त्यात बदल करायचे आणि शेवटी ‘मेक’. त्यातून ‘लिनक्स’ नावाची एक फाइल तयार होते आणि ती इतर कोणत्याही प्रोग्रामसारखी चालवता येते. हे दोन शब्द एकदा जरी विसरले, तरी संगणक स्वतःच्या प्रोसेसरसाठीची जुळवणी करायला लागतो. दोन कुळांची सरमिसळ झाली की ‘मेक एमआरप्रॉपर’ने सगळे पुसून नव्याने सुरुवात करावी लागते. या आज्ञेने डॉट कॉन्फिगही पुसली जाते, म्हणून तिची प्रत आधीच बाजूला ठेवलेली बरी.

कोणते पर्याय निर्णायक ठरतात?

पहिला प्रश्न मुळाशीच येतो. डिस्कची फाइल ‘एक्स्ट-४’ या रचनेत असेल, तर ती रचना वाचण्याची क्षमता कर्नलमध्ये ‘वाय’ म्हणूनच हवी. ती ‘एम’ ठेवली तर मॉड्यूल डिस्कवर राहते आणि डिस्क उघडायला तेच मॉड्यूल लागते. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप! मूळ डिस्क जोडता येत नाही, असा संदेश देऊन कर्नल तिथेच थांबतो.

दुसरा ‘होस्टएफएस’. हा चालू असला की आतल्या लिनक्सला यजमानाच्या फाइली थेट पाहता येतात. चाचणीसाठी हे सोयीचे. प्रत्येक वेळी डिस्कची नवी फाइल बनवावी लागत नाही. पण ज्याच्या नावाने हा कर्नल चालतो, त्याला दिसणाऱ्या फाइली आतही दिसू शकतात. अविश्वासू प्रोग्राम कोंडून ठेवण्यासाठी यूजर मोड लिनक्स वापरायचे असेल, तर हा पर्याय बंद ठेवणे किंवा ठरावीक फोल्डरपुरता मर्यादित करणे शहाणपणाचे.

तिसरा ‘केसॅन’. मेमरीच्या हद्दीबाहेर वाचन किंवा लेखन झाले की तो लगेच बोट दाखवतो. एकविसावी नोंद वाचण्यासारख्या चुका पकडणे हेच त्याचे काम. यूजर मोड लिनक्समध्ये तो ६४ बिट एक्स-८६ वर २०२२ पासून मिळतो. मात्र त्याने मेमरी अधिक लागते आणि वेग घटतो. म्हणून तो तालमीत हवा, रोजच्या वापरात नको.

चौथा ‘टाइम ट्रॅव्हल’. २०१९ मध्ये आलेल्या या पर्यायामुळे कर्नलचे घड्याळ खोटे चालवता येते. प्रोग्राम तासभर थांबणार असेल, तर घड्याळच तासभर पुढे ढकलले जाते आणि चाचणी क्षणात संपते. वायफायसारख्या वेळेवर अवलंबून असलेल्या यंत्रणांसाठी हे फार उपयोगी ठरते.

याचा उपयोग आज कुठे होतो?

जानेवारी २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.५ मध्ये ‘केयुनिट’ ही चाचणी यंत्रणा समाविष्ट झाली. तिचे साधन वेगळे काही न सांगितल्यास यूजर मोड लिनक्सच वापरते. एका छोट्या फाइलमध्ये हवे तेवढेच पर्याय लिहायचे. साधन कर्नल बांधते, चालवते आणि निकाल सांगते. वेगळे यंत्र किंवा आभासी संगणक लागत नाही. एक्स्ट-४ साठीची अशीच एक चाचणी फाइलींवरील तारखा बरोबर वाचल्या जातात का, हे पाहते. तीही थेट २४४६ सालापर्यंत! २०३८ मध्ये ३२ बिट घड्याळे संपणार असल्याने ही तपासणी शोभेची नाही.

मर्यादा कोणत्या?

तालीम म्हणजे प्रयोग नव्हे. यूजर मोड लिनक्समध्ये खरे हार्डवेअर नसल्याने असंख्य ड्रायव्हरचे पर्याय यादीतच दिसत नाहीत. २०२१ मध्ये आभासी पीसीआयची सोय आल्याने ही उणीव काहीशी भरून निघाली, तरी खऱ्या चिपची चाचणी खऱ्या चिपवरच करावी लागते. आणि हे साधन लिनक्सपुरते आहे; विंडोजचा ड्रायव्हर त्यात तपासता येणार नाही.

त्याहून मोठी मर्यादा निवडीचीच आहे. जो पर्याय ‘एन’ आहे, तो भाग कर्नलमध्ये येतच नाही आणि जो आलाच नाही, तो तपासलाही जात नाही. ‘सर्व चाचण्या उत्तीर्ण’ या शेऱ्याचा अर्थ ‘निवडलेल्या पर्यायांसह उत्तीर्ण’ एवढाच असतो. त्यामुळे निकालासोबत डॉट कॉन्फिगही जपून ठेवली तरच त्या निकालाला अर्थ राहतो. फोनवर येणारे प्रत्येक अपडेट अशाच हजारो होय-नाहीच्या उत्तरांतून घडलेले असते. त्यातील कोणती उत्तरे तालमीत तपासली आणि कोणती थेट रंगमंचावर गेली, यावर फोन चालणार की अडणार हे ठरते.