पोट मुलाचं दुखतं, बोलवा सगळ्या घराला

समजा, वेल्ह्यातल्या केळदकडचा नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. आई-वडील पुण्यात कामाला, तो गावी आजीजवळ. दर सोमवारी सकाळी त्याचं पोट दुखतं. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. मग घरचा निकाल ठरलेलाच: शाळा बुडवायची नाटकं!

पण पोट खरंच दुखत असतं. मुलांच्या मनावरचा ताण पुष्कळदा शरीरातून बाहेर पडतो. आई-वडील रविवारी संध्याकाळी, पोराचं लक्ष नसताना, निघून जातात. सोमवारच्या दुखण्याशी त्याचा काही संबंध असेल, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

बाल मानसशास्त्रज्ञ तिथूनच सुरुवात करतात. मुलाशी खेळतात, चित्रं काढून घेतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. पोट दुखलं की घरात कोण काय करतं? आजी शाळा चुकवून कुशीत घेते, वडील फोनवर ओरडतात, आई रडते. तिघांचंही वागणं समजण्यासारखं आहे, आणि तिघं मिळून नकळत दुखणं पक्कं करतात. उपाय साधे असतात. सांगून निघायचं, फोनची वेळ ठरवायची आणि ती पाळायची, आजीने शाळेच्या दारापर्यंत सोबत जायचं. दोष कुणालाच द्यायचा नाही. हे शेवटचं सर्वांत अवघड, कारण ‘आजीच्या लाडानं बिघडला’ हे वाक्य प्रत्येक घरात तयार असतं.

उपचारात घराला घेण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला बोलावलं होतं.

मात्र ‘समुपदेशक’ अशी पाटी कुणीही लावतं, म्हणून शिक्षण विचारावं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ एम.ए.नंतर साधारण दोन वर्षं रुग्णालयात प्रशिक्षण घेऊन एम.फिल.सारखी पदवी मिळवतात आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंद होते. नोंदणी क्रमांक विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. औषधं ते देत नाहीत. ते काम मनोविकारतज्ज्ञांचं.

प्रश्न असा, की अशा व्यक्तीपर्यंत भोर-वेल्ह्यातलं अख्खं घर पोहोचणार कसं? पुण्याला एक खेप म्हणजे बुडालेली मजुरी, एसटीचं भाडं आणि भातलावणीच्या दिवसांत तर विचारच नको. शेवटी एकटी आई मुलाला घेऊन येते. आजी गावी राहते, म्हणजे जिच्यासोबत मूल रोज राहतं तीच उपचारात नसते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३पासून शाळा-अंगणवाड्यांत मुलांना तपासतात. त्यांना जी मुलं अशी आढळतील, त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा भोर आणि वेल्ह्यात मानसशास्त्रज्ञ बसावेत, आणि तेही रविवारी. सरकारी दवाखान्याला रविवार गैरसोयीचा, हे मान्य. पण या घरांत सगळी माणसं त्याच दिवशी एकत्र असतात.

तोवर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. मराठीतही बोलता येतं. डोंगरात रेंज मिळाली, तर फोन स्पीकरवर ठेवा आणि आजीला जवळ बसवा.